औषधाच्या खोलीची किल्ली कोणाकडे?



कापसाची एकाधिकार खरेदी १९७२ साली सुरू झाली. त्या काळातल्या गाड्यांच्या रांगा आपण विसरलेलो नाही. विचारलं की उत्तर ठरलेलं : ग्रेडर नाही. ग्रेडर नाही तर एक बोंडही मोजायचं नाही. कापसाच्या प्रतीची सरकारला एवढी काळजी!

आता माणसाच्या औषधाचं बघा. गेल्या पावसाळ्यात आमच्या तालुक्यातल्या एका आरोग्य केंद्रात निंदणाला गेलेल्या बाईला रात्री आणलं. घोणस चावली होती. नर्सबाई हजर होत्या. लसही होती, पण कपाटात, आणि कपाटाची किल्ली औषध देणाऱ्या फार्मासिस्टकडे. त्याला साहेबांनी जिल्ह्याच्या ठिकाणी कामाला लावलेलं. शेवटी गावच्या पोरांनी दगडानं कुलूप फोडलं. बाई वाचली. दुसऱ्या दिवशी माणूस आला तो कुलूप फोडल्याचा जबाब लिहून घ्यायला.

सरकारचा हिशेब असा की सपाटीवर ३०,००० वस्तीमागे एक प्राथमिक आरोग्य केंद्र आणि त्यात एक फार्मासिस्ट. एकच. तो रजेवर गेला, बदली झाली, प्रतिनियुक्तीवर पाठवला की ३०,००० लोकांमागे शून्य. मग शिपाई गोळ्या देतो. शिपायाला आम्ही दोष देत नाही, तो आपल्यातलाच. पण १९४८ चा फार्मसी कायदा सांगतो की चिठ्ठीवरचं औषध नोंदणी झालेल्या फार्मासिस्टनेच द्यायचं. डॉक्टरला सूट आहे ती स्वतःच्या रोग्यापुरती. शहरात दुकानात फार्मासिस्ट दिसला नाही तर औषध प्रशासन दुकानाचा परवाना रोखतं. सरकारच्या स्वतःच्या खिडकीवर मात्र कोणी बसलं तरी चालतं. अहो, कपाशीवरचं कीटकनाशक विकायला कृषी केंद्रवाल्याला आता शिक्षणाची अट आहे. किडीचं औषध शिकलेल्यानं द्यावं आणि माणसाचं कोणीही!

कोणी म्हणेल, गोळ्या मोजायला शिक्षण कशाला? फार्मासिस्टचं खरं काम गोळ्या मोजण्याचं नाही. काय संपत आलं, कशाची मुदत सरली, पुढच्या हंगामाला काय लागेल, हे बघून वेळेवर मागणी करायची. मागणी ठरते मागच्या वर्षीच्या खपावर. औषध जूनमध्येच संपलं तर पुढचे महिने वहीत खप शून्य. कागद म्हणतो, लागलंच नाही, आणि पुढच्या वर्षी माल आणखी कमी. आणेवारी ठरवणाऱ्यांचीच ही अक्कल. वहीतल्या शून्याचा अर्थ ‘औषध नव्हतं’ असा आहे, हे वर लिहून कळवायला शिकलेला माणूस लागतो.

२०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारताना विषबाधा होऊन वीसच्या वर शेतकरी-शेतमजूर गेले, शेकडो दवाखान्यात पडले. काही विषांवर उताराच नाही. ज्या फॉस्फरसवाल्या विषांवर ॲट्रोपीन चालतं तिथं ते एका इंजेक्शनात भागत नाही, पुन्हा पुन्हा द्यावं लागतं. एका रोग्यातच साठा संपतो. फवारणी कोणत्या महिन्यात होते हे मुंबईच्या टेबलाला ठाऊक नसेल. केंद्रावर बसणाऱ्याला ठाऊक असतं, पण तो बसलेला तर पाहिजे.

माणसं मिळत नाहीत ही सबब डॉक्टरांच्या बाबतीत ऐकली, इथं ऐकणार नाही. बारावी सायन्सनंतर दोन वर्षांची पदविका. आपल्याच पोरांनी जमीन गहाण टाकून ती केली. त्यातले किती जण आपलं सर्टिफिकेट दुसऱ्याच्या दुकानात भाड्यानं टांगून घरी बसलेत, ते गावोगाव विचारा. पदं रिकामी, नाहीतर अकरा महिन्यांच्या कंत्राटावर, आणि पोरं पारावर. यात टंचाई माणसांची नाही, सरकारच्या दानतीची आहे.

तेव्हा मृगाआधी प्रत्येक गावातून चार माणसांनी आपल्या केंद्रावर जावं. फार्मासिस्टचं पद मंजूर आहे का, भरलं आहे का, तो माणूस आज कुठं आहे, सर्पदंशाची लस आणि ॲट्रोपीन किती, मुदत कधीची, रात्री किल्ली कोणाकडे, हे वहीत लिहून आणावं. सांगत नसतील तर २००५ च्या माहिती अधिकारात दहा रुपयांचा अर्ज टाकावा. प्रतिनियुक्तीवरचे सगळे फार्मासिस्ट पेरणीआधी आपापल्या केंद्रावर परत, आणि रात्रीच्या पाळीला किल्ली हजर नर्सबाईंच्या हातात, या दोन मागण्या जिल्हा बैठकीत पहिल्या घेऊ. वह्या विसरू नका.