पेटीत पडलेली पोरं
आमच्या भाचीने या आठवड्यात जेम्स डॅशनरचं ‘द गेम ऑफ लाइव्ह्ज’ माझ्या हातात कोंबलं. २०१५ सालचं पुस्तक, ‘मॉर्टॅलिटी डॉक्ट्रिन’ या त्रयीचा शेवटचा भाग. यातली पोरं आभासी खेळात शिरतात ती पेटीत आडवं पडून. बारीक तारा थेट कातडीत घुसतात, आणि त्या पेटीला ती बिनदिक्कत ‘कॉफिन’ म्हणतात. (आम्हाला व्हिडिओ गेमच्या दुकानातून फार तर कान धरून घरी नेत.) खरा बाँब मात्र २०१३च्या पहिल्या भागाच्या अखेरीस फुटतो. नायक मायकेल माणूस नाहीच, तो एक प्रोग्रॅम आहे, आणि जागा होतो तो जॅक्सन पोर्टर नावाच्या भलत्याच मुलाच्या देहात! मग त्या जॅक्सनचं काय? त्याच्या आईवडिलांना कुणी काय सांगायचं? कथेने मुक्काम करायला हवा होता तो इथे. पण डॅशनरला दम कुठला? पाठलाग, मारामारी, पुन्हा पाठलाग. वेग त्याला जमतो, त्याचंच ‘मेझ रनर’ वाचलेल्यांना हे सांगायला नकोच. इथे मात्र तो वेग निव्वळ पळवाट आहे. भाचीशी यावरून कडाक्याचं भांडण झालंय. तुम्ही पहिला भाग जरूर वाचा, तिसऱ्याच्या वाटेला जाऊ नका.