जुन्या बसच्या डिकीला गॅसचा शॉकर: सोय चांगली, पण हिशोब चुकला तर धोका

बोरगाव (मेघे), वर्धा : लग्नसराई असो, पंढरीची वारी असो की शाळेची सहल, गावात येणारी बस बहुतेक वेळा जुनीच असते. बाजूच्या डिकीचं दार उघडायचं आणि लोखंडी दांडीचा नाही तर बांबूचा टेकू लावायचा, ही पद्धत सगळ्यांनी पाहिली आहे. टेकू निसटला की वीस-पंचवीस किलोचं दार थेट मानेवर. बॅगा काढायला वाकलेला क्लीनर किंवा प्रवासी, मार त्यालाच बसतो.

म्हणून आता जुन्या गाडीलाही कारच्या डिकीसारखे गॅसचे शॉकर बसवून घेण्याकडे मालकांचा कल आहे. काम छोटं दिसतं, पण त्यात तीन प्रश्न आहेत : शॉकर किती ताकदीचा, कडी किती पक्की आणि गाडीचा सांगाडा किती खंगलेला.

जुन्या बस येतात कुठून?

1 एप्रिल 2023 पासून 15 वर्षांवरच्या सरकारी गाड्यांची नोंदणी नव्याने होत नाही. एसटी महामंडळासारख्या राज्य परिवहन उपक्रमांनाही हा नियम लागू आहे. खासगी बसला मात्र तो लागू नाही. आठ वर्षांवरच्या गाडीने दरवर्षी फिटनेस काढला की ती चालते. म्हणजे रस्त्यावरच्या जुन्या बसची जबाबदारी आता मुख्यतः खासगी मालकांवर आली आहे.

काही हौशी लोक म्हणतात, ‘जुनी बस आहे, विंटेजमध्ये नोंदवू.’ तसं होत नाही भाऊ. 2021 च्या केंद्रीय नियमानुसार विंटेज नोंदणी 50 वर्षांवरच्या दुचाकी आणि चारचाकी खासगी गाड्यांना मिळते. बस त्यात बसत नाही, आणि विंटेज गाडी धंद्यासाठी वापरताही येत नाही.

शॉकर काम कसं करतो?

नळीत दाबाखाली नायट्रोजन वायू आणि थोडं तेल असतं. वायू दांड्याला सतत बाहेर ढकलतो. ऑफिसची फिरती खुर्ची वर येते तीही याच तत्त्वावर. ताकद नळीवर न्यूटनमध्ये छापलेली असते. ढोबळमानाने 100 न्यूटन म्हणजे 10 किलोचा जोर.

आता हिशोब करू. दार 20 किलोचं आणि 60 सेंटिमीटर उंच आहे असं धरा. वजनाचा मध्य बिजागरीपासून 30 सेंटिमीटरवर येतो. दार आडवं उघडल्यावर शॉकरचा जोर बिजागरीपासून 15 सेंटिमीटरवर लागत असेल, तर दुप्पट म्हणजे 40 किलोचा जोर लागेल. दोन शॉकर लावले तर प्रत्येकी 20 किलो, म्हणजे 200 न्यूटन. थोडी जास्तीची ताकद धरून 250 चा जोड पुरतो.

‘जास्त ताकदीचा लावा, टिकेल’ असं म्हणून 500 चा जोड बसवला तर? दार झटक्यात वर उडेल, बंद करताना कडेला 15 किलोच्या आसपास जोर लावावा लागेल आणि गंजलेल्या पत्र्यातून बिजागरी उपटून येईल.

आपलं ऊन आणि आपली थंडी

वायू तापला की दाब वाढतो, गार झाला की कमी होतो. आपल्या जिल्ह्यात उन्हाळ्यात पारा 45 च्या वर जातो, हिवाळ्यात पहाटे 10 च्या आसपास येतो. एवढ्या फरकाने शॉकरची ताकद साधारण 12 टक्क्यांनी बदलते. मे महिन्यात दुपारी तपासलेलं दार डिसेंबरच्या पहाटे खाली येऊ शकतं. म्हणून शॉकर निवडताना थंडीचा विचार आधी करा.

खरा धोका कडीचा

टेकूवाल्या दाराची कडी सैल झाली तरी दार वजनाने खालीच राहतं. शॉकर चुकीच्या जागी बसला तर तो बंद दारालाही आतून बाहेर ढकलत राहतो. नागपूर रोडवर धावताना कडी सुटली, तर लोखंडी दार सरळ बाहेर येईल. शेजारून जाणाऱ्या दुचाकीवाल्याचं काय होईल, हे सांगायची गरज नाही.

त्यामुळे शॉकरची जागा अशी हवी की दार बंद झाल्यावर तो दाराला आतच ओढेल. आधी कडी नवी बसवा, तीही दोन ठिकाणी. शॉकरचं काम त्यानंतर. फक्त शॉकर बदलून पैसे घेणाऱ्या मिस्त्रीला ‘कडीचं काय?’ हे विचाराच.

मालकांनी काय पाहावं

– बिजागरी आणि चौकटीचा पत्रा ठोकून पाहा. गंज असेल तर आधी तो भाग बदला.
– दार बंद असताना दांडा खाली आणि नळी वर राहू द्या. तेल सीलजवळ राहतं, वायू लवकर गळत नाही.
– दांड्याला रंग लावू नका, ओरखडा पडू देऊ नका. सील फाटतं.
– दांड्यावर तेल दिसलं किंवा दार हळूहळू खाली येऊ लागलं, तर दोन्ही शॉकर एकदम बदला.
– शॉकरजवळ वेल्डिंग करायचं असेल तर तो आधी काढा. जुना शॉकर कापू नका, जाळू नका. आत दाब असतो, फुटला की जीवावर बेतू शकतं.
– डिकी मोठी करणं किंवा सांगाडा कापणं वेगळं. त्यासाठी आधी आरटीओला विचारा.

प्रवाशांनी काय करावं

डिकीत पूर्ण वाकण्याआधी दार हाताने हलवून पाहा. ते डुलत असेल तर एकाला धरायला सांगा. लेकरांना डिकीत चढवून सामान काढायला लावू नका. गाडी निघण्याआधी कडी लागली का, हे एकदा स्वतः बघा.

गावची लग्नाची बस ठरवताना आपण भाडं विचारतो, सीट मोजतो, टेप वाजतो का तेही पाहतो. यापुढे डिकी उघडून-लावूनही पाहायला हवी. मालकाला गिऱ्हाईक विचारतं तेव्हाच दुरुस्ती होते. फिटनेसची तारीख तर वर्षातून एकदाच येते.