करार ढाक्याशी, रस्ता भारताचा

2020 चा 6 डिसेंबर आपल्यापैकी अनेकांच्या लक्षात असेल. कोरोनामुळे चैत्यभूमीवर गर्दी करू नका, घरूनच अभिवादन करा, असे आवाहन होते. त्याच दिवशी भूतान आणि बांगलादेश यांनी प्राधान्य व्यापार करारावर सह्या केल्या. तारीख त्यांनी ठरवून निवडली होती, पण कारण वेगळे होते. 6 डिसेंबर 1971 रोजी भूतानने बांगलादेशला स्वतंत्र देश म्हणून मान्यता दिली होती. बांगलादेशने कोणत्याही देशाशी केलेला हा पहिला प्राधान्य व्यापार करार. भूतानच्या 34 वस्तूंना बांगलादेशात आणि बांगलादेशच्या 100 वस्तूंना भूतानमध्ये करसवलत मिळाली. जुलै 2022 पासून तो लागू झाला.

भूतान म्हटले की आपल्या तरुणांच्या डोळ्यांसमोर विहार, डोंगर आणि 'सकल राष्ट्रीय आनंद' येतो. त्या देशाचा जमाखर्च आपण सहसा पाहत नाही. लोकसंख्या आठ लाखांच्या आत. समुद्र नाही. उत्तरेला चीन आहे, पण त्याच्याशी राजनैतिक संबंधच नाहीत. एकूण व्यापारापैकी सुमारे 80 टक्के व्यापार एकट्या भारताशी आणि जलविद्युत विकत घेणाराही भारतच. एकाच गिऱ्हाइकावर चालणाऱ्या दुकानदाराला जी धाकधूक असते, तीच इथे आहे. त्यात 13 डिसेंबर 2023 रोजी भूतान अल्पविकसित देशांच्या यादीतून बाहेर पडला. अभिमानाचीच गोष्ट, पण त्या यादीमुळे मिळणाऱ्या सवलती हळूहळू संपतात आणि पुढे स्वतःच्या करारांवरच उभे राहावे लागते. एप्रिल 2025 मध्ये भूतानने थायलंडशी मुक्त व्यापार करार केला, तो याच गरजेतून.

खरी गोम रस्त्यात आहे. भूतान आणि बांगलादेश यांची सीमा एकमेकांना कुठेही लागत नाही. फुंटशोलिंगच्या वेशीतून निघालेला दगडांचा ट्रक जयगावला भारतात येतो, डुआर्समधले चहामळे ओलांडतो आणि चांगराबांधाला भारत सोडून पलीकडे बुडीमारीला पोहोचतो. (हे डुआर्सही एकेकाळी भूतानचेच. 1865 च्या सिंचुला तहात इंग्रजांनी ते घेतले.) करार दोघांचा असला तरी ट्रक तिसऱ्याच्या अंगणातून जातो.

भारताने हे अंगण मोकळे ठेवले आहे, हे मान्य करायला हवे. भारत-भूतान व्यापार कराराने भूतानच्या मालाला तिसऱ्या देशात जाण्यासाठी करमुक्त वाट दिली आहे. जुलै 2019 मध्ये हजार टन भूतानी खडी आसाममधल्या धुबरीहून जलमार्गाने नारायणगंजला गेली. एवढ्याच मालाला रस्त्याने साठ-सत्तर ट्रक लागले असते. मात्र माल कोणत्या ठाण्यातून आत यायचा आणि कोणत्या ठाण्यातून बाहेर पडायचा, याची यादी ठरलेली असते. तीत भर घालायची तर दोन्ही सरकारांची संमती लागते. 2021 मध्ये अशी सात ठाणी वाढली.

ही वाट हक्काची की मेहरबानीची, हा प्रश्न एप्रिल 2025 मध्ये पुढे आला. भारतीय बंदरे आणि विमानतळांतून तिसऱ्या देशात माल पाठवण्याची बांगलादेशला दिलेली सोय भारताने एका परिपत्रकाने काढून घेतली. नेपाळ आणि भूतानला जाणाऱ्या मालाला त्यातून वगळले, हे बरेच झाले. पण थिंपूमधल्या व्यापाऱ्याला त्यातून काय समजले असेल? शेजाऱ्याला मदत करायची तर कर्ज आणि अनुदानापेक्षा आधी ही खात्री हवी की दिल्ली-ढाका संबंध बिघडले तरी भूतानचा ट्रक अडणार नाही.

दुसरी बाजूही पाहू. 2015 मध्ये थिंपूतच बांगलादेश, भूतान, भारत आणि नेपाळ यांचा मोटार वाहन करार झाला. भूतानच्या वरिष्ठ सभागृहाने 2016 मध्ये तो फेटाळला. परदेशी ट्रकांची रांग, डोंगरातले प्रदूषण आणि स्थानिक वाहनचालकांची रोजी ही भीती त्यामागे होती. शेवटी भूतानने इतर तिघांना पुढे जायला सांगितले. आपल्याकडे याला आडमुठेपणा म्हणणारे होते. मला तसे वाटत नाही. निवडून आलेल्या सभागृहाने सरकारने सही केलेल्या कराराला नाही म्हणणे आपल्या संसदेच्या वाट्याला येत नाही. आपल्याकडे आंतरराष्ट्रीय करार संसदेच्या मंजुरीवाचूनच पक्के होतात.

कराराने नेमके काय बदलते, हे वरुड-मोर्शीच्या बागेत विचारा. बांगलादेशने भारतीय संत्र्यावरचा आयात कर 2019 पासून चढवत नेला आणि नागपुरी संत्र्याचा मोठा बाजार आटला. त्याच बाजारात भूतानच्या संत्र्याला सवलत आहे. भाव पडला की बागवान ओरडतो आणि त्याची बातमी होते. तोडणी करणाऱ्या आणि पेट्या भरणाऱ्या मजुराचे दिवस बुडतात, त्याची होत नाही. या मजुरांत आपली माणसे किती आहेत, हे विदर्भातल्या कार्यकर्त्यांना सांगायला नको.

भूतानमधली संत्रीही दक्षिणेच्या उतारांवर पिकतात. याच दक्षिण भागातून 1990 च्या सुमारास नेपाळीभाषक ल्होत्शाम्पा लोकांना नागरिकत्व नाकारून देशाबाहेर घालवले गेले. सुमारे एक लाख माणसे नेपाळच्या छावण्यांत गेली. बहुतेकांना 2007 नंतर अमेरिका आणि इतर देशांनी सामावून घेतले. काही हजार अजून छावण्यांत आहेत. देश बौद्ध आहे म्हणून हे सांगायचे टाळू नये.

सप्टेंबर 2025 मध्ये भारताने कोक्राझार ते गेलेफू या सुमारे 69 किलोमीटरच्या रेल्वेमार्गाची घोषणा केली. बनारहाट-सामत्से मार्ग धरून खर्च 4,033 कोटी रुपये. गेलेफूला भूतानचे राजे नवे शहर वसवत आहेत आणि व्यापाराचे मोठे दार तिथे उघडणार आहे. गेलेफू सारपांग जिल्ह्यात येते. छावण्यांत गेलेल्यांपैकी कितीतरी कुटुंबे याच जिल्ह्यातली होती.