जुन्या रुळाला नवा रूळ जोडताना

मुंबई-हावडा लोहमार्गावरील भिलाई पावर हाउस हे स्थानक ज्या पोलाद कारखान्याच्या परिसरात वसले आहे, त्या कारखान्याने गेली अनेक दशके भारतीय रेल्वेला रूळ पुरविले. मीटरला ५२ किलो वजनाच्या रुळांची जागा पुढे ६० किलोच्या रुळांनी घेतली. परंतु देशाचा लोहमार्ग एका रात्रीत उखडता येत नाही. जेथे या दोन जातींचे रूळ एकत्र येतात, तेथे एका बाजूने जुन्याला आणि दुसऱ्या बाजूने नव्याला बसेल अशी खास जोडपट्टी लावावी लागते. गाडीतल्या प्रवाशाला तिचा पत्ताही नसतो.

हिशेबाच्या संगणकीकरणात नेमकी ही जोडपट्टीच विसरली जाते. १९९०च्या दशकात पावर हाउससारख्या बाजारपेठांतून, लहान पतसंस्थांतून आणि कार्यालयांतून डॉसवर चालणाऱ्या फॉक्सप्रोच्या आज्ञावल्या देशभर रुजल्या. त्या १६ बिटी यंत्रणेसाठी लिहिलेल्या होत्या. ३२ बिटी विंडोजनेही त्यांना सांभाळून घेतले. ६४ बिटी विंडोज मात्र १६ बिटी आज्ञावली स्वतःहून चालवीत नाही, आणि २०२१ मध्ये आलेल्या विंडोज ११ची ३२ बिटी आवृत्तीच नाही. विंडोज १०चा सर्वसाधारण आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. फॉक्सप्रोचा तर जानेवारी २०१५ मध्येच संपला होता. जुना संगणक बंद पडला की व्यापारी नवा आणतो, आणि वीस वर्षांची खाती उघडेनाशी होतात.

वास्तविक खाती कोठेही गेलेली नसतात. फॉक्सप्रोच्या फायलींची रचना सर्वज्ञात आहे आणि नव्या आज्ञावल्यांना ती वाचता येते. आज्ञावली आणि नोंदी या दोन भिन्न वस्तू आहेत. पहिली कालबाह्य होते, दुसरी होता कामा नये. हा भेद विक्रेते ग्राहकाला क्वचितच समजावून सांगतात. त्यात त्यांचा फायदाही नसतो!

३२ आणि ६४ बिटी यंत्रणांमधील अडचण अधिक फसवी आहे. ३२ बिटी आज्ञावलीला ६४ बिटी ड्रायव्हर वापरता येत नाही. विंडोजमध्ये डेटाबेसच्या जोडणीची व्यवस्था दोन्हींसाठी वेगवेगळी असते. एकीकडे केलेली नोंद दुसरीकडे दिसेलच असे नाही. अशा वेळी कर्मचारी ‘संगणक बिघडला’ म्हणून मोकळे होतात. हा दोष निदान दिसतो तरी. न दिसणारे दोष आकड्यांत दडलेले असतात. चिन्हासह ३२ बिटी पूर्णांकात मावणारी सर्वांत मोठी संख्या २,१४,७४,८३,६४७ आहे. रक्कम पैशांत साठविली, तर २ कोटी १४ लाख ७४ हजार ८३६ रुपये ४७ पैशांपुढे तो रकाना अपुरा पडतो. त्याच रकान्यात १ जानेवारी १९७० पासूनचे सेकंद मोजून तारीख ठेवली, तर १९ जानेवारी २०३८ रोजी भारतीय वेळेनुसार सकाळी ८ वाजून ४४ मिनिटे ७ सेकंदांनी मोजणी संपते आणि पुढची तारीख डिसेंबर १९०१ मधली उमटू शकते. आज मंजूर होणाऱ्या वीस वर्षांच्या गृहकर्जाचा अखेरचा हप्ता त्यापलीकडे आहे. केवळ ६४ बिटी संगणक घेऊन हे टळत नाही. डेटाबेसमधील रकानाच रुंद करावा लागतो.

‘जुने टाकून द्या’ आणि ‘चालते आहे त्याला हात लावू नका’ हे दोन्ही सल्ले आळसातून येतात. उपयोगी ठरते ती मुदतबंद सहजीवनाची रीत, आणि बँकांना ती अपरिचित नाही. चिपच्या कार्डांवर मागील बाजूस चुंबकीय पट्टीही राहिली. केवळ पट्टी असलेली कार्डे बदलण्यासाठी ३१ डिसेंबर २०१८ ही मुदत दिली गेली. विजया बँक आणि देना बँक १ एप्रिल २०१९ रोजी बँक ऑफ बडोदात विलीन झाल्या, तरी त्यांच्या शाखांचे जुने आयएफएससी १ मार्च २०२१ पर्यंत बंद झाले नव्हते. ग्राहकाला श्वास घ्यायला वेळ मिळाला, आणि दुहेरी व्यवस्थेचे ओझेही कायमचे राहिले नाही.

लहान व्यापाऱ्याला मात्र अशी मुदत कोणी देत नाही. बँकेने खातेउतारा साध्या, स्वल्पविरामांनी विभागलेल्या मजकुराच्या फायलीतही द्यावा, कारण ती जुन्या व नव्या दोन्ही आज्ञावल्यांना वाचता येते. खर्च किरकोळ, सोय मोठी. आज्ञावली बदलणाऱ्या संस्थेनेही किमान एक महिनाअखेर दोन्ही व्यवस्था समांतर चालवाव्यात. शाखांचे संगणकीकरण होताना हस्तलिखित खतावणी आणि संगणक काही काळ शेजारी शेजारी चालत. दोन्हींकडील शिल्लक पैशापर्यंत जुळली, की मगच खतावणी मिटली जाई.