ठेव आमची, खाण त्यांची

घोडेगावच्या बाजारात हिरडा विकून आलेली महादेव कोळी बाई चार पैसे गाठीला राहावेत म्हणून बँकेच्या खिडकीपाशी उभी राहते. नारायणगावला टोमॅटो घालणारा शेतकरीही तेच करतो. पासबुकात आकडा पडला की व्यवहार संपला, अशी दोघांचीही समजूत. वास्तविक व्यवहाराला तेथूनच आरंभ होतो. हा पैसा कोणाला, कशासाठी आणि कोणत्या अटींवर कर्जाऊ दिला जातो, हे ठेवीदाराला कोणी सांगत नाही. आणि आपणही, साथींनो, कधी विचारलेले नाही.

जुन्नर-आंबेगावात मोठी खाण नाही, मग हा प्रश्न येथे कशाला, असे काही जण म्हणतील. परंतु डिंभे धरणाखाली ज्यांची भातखाचरे गेली, त्यांना विस्थापन म्हणजे काय हे शिकवावे लागत नाही. खाण शेकडो कोस दूर असली तरी तिची रसद आपल्या गावातून जात असेल, तर आपण त्रयस्थ कसे?

नोव्हेंबर २०१४ मध्ये स्टेट बँकेने ऑस्ट्रेलियातील क्वीन्सलँडमधील अदानी समूहाच्या कारमायकेल कोळसा खाणीसाठी एक अब्ज डॉलरपर्यंत कर्ज देण्याच्या सामंजस्य करारावर सही केली. त्या भूमीवर हक्क सांगणाऱ्या आदिवासींपैकी अनेकांचा खाणीला विरोध होता. त्याच सुमारास जगातील अनेक मोठ्या बँकांनी या खाणीकडे पाठ फिरवली होती. ऑस्ट्रेलियातील कार्यकर्त्यांनी एकेका बँकेच्या दारात जाऊन जाब विचारला होता, त्याचे हे फळ. करारातले कर्ज पुढे प्रत्यक्षात उतरले नाही. २०२० मध्ये ते पुन्हा चर्चेत येताच २७ नोव्हेंबरला सिडनीच्या क्रिकेट मैदानात निदर्शक स्टेट बँकेच्या नावाचा फलक घेऊन उतरले. मुंबईत मुख्यालय असलेल्या आपल्या बँकेला जाब विचारला तो सिडनीच्या नागरिकांनी. आपण मात्र धावफलक पाहत बसलो!

भांडवलाची वाट अडवल्याने काय साधते आणि काय साधत नाही, याचा हिशेब प्रामाणिकपणे मांडला पाहिजे. कारमायकेल खाण थांबली नाही. समूहाने स्वतःचा पैसा घातला. मात्र वार्षिक ६ कोटी टनांची योजना १ कोटी टनांवर आली. सरदार सरोवराच्या बाबतीत मोर्स समितीच्या १९९२ च्या अहवालानंतर, १९९३ मध्ये जागतिक बँकेचे उरलेले कर्ज सुटले. तरीही सरकारने देशातला पैसा ओतून धरण पुरे केले आणि अक्कलकुवा-अक्राणीची गावे बुडालीच. याउलट ओडिशातील नियमगिरी पाहा. वेदान्त कंपनीतून नॉर्वेच्या सरकारी निवृत्तिवेतन निधीने २००७ मध्ये आणि इंग्लंडच्या चर्चने २०१० मध्ये अंग काढून घेतले. तरी डोंगर वाचला तो २०१३ मध्ये, सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर बाराही ग्रामसभांनी ठाम नकार दिला तेव्हा. तात्पर्य, तिजोरीवरचा मोर्चा गावातल्या लढ्याची जागा घेऊ शकत नाही. तो त्या लढ्याला वेळ आणि बळ देतो.

मग ठेवी काढून घ्याव्यात काय? मुळीच नाही. त्या खाजगी बँकेत नेऊन ठेवल्याने खाणमालकाचे काय बिघडणार? युरोपातला भागधारक भाग विकून हात झटकतो. आपली भूमिका वेगळी आहे. १९५५ मध्ये स्टेट बँक आणि १९६९ मध्ये चौदा बँका सार्वजनिक झाल्या त्या सामान्य माणसाच्या नावाने. स्टेट बँकेचे बहुसंख्य भागभांडवल आजही केंद्र सरकारकडे आहे. मालकाने दुकान सोडून जायचे नसते, हिशेब मागायचा असतो. पीककर्जासाठी शेतकऱ्याचा सातबारा बारकाईने पाहणारी बँक खाणमालकाला कर्ज देताना ग्रामसभेचा ठराव का पाहत नाही, हा आपला सवाल आहे.

म्हणून मागण्या स्पष्ट असाव्यात. खाण प्रकल्पांना दिलेल्या कर्जांची यादी सार्वजनिक बँकांनी जाहीर करावी. वनहक्क कायदा (२००६) आणि पेसा (१९९६) यांनी दिलेले ग्रामसभेचे अधिकार डावलणाऱ्या प्रकल्पाला छदामही देऊ नये. कर्ज मंजूर झाल्यावर अटी मोडल्या, तर पुढचा हप्ता रोखावा.

जुन्नर व आंबेगावच्या पश्चिम पट्ट्यातील अनेक गावे पेसाखाली येतात. या गावांच्या ग्रामसभांनी असे ठराव करून ते बँकशाखांच्या व्यवस्थापकांकडे पोचते करावेत आणि पोच घ्यावी. गडचिरोलीत सुरजागडच्या लोहखाणीला विरोध करणाऱ्या माडिया गावांना आपण पाठिंब्याचे ठराव पाठवतो. त्यांच्या सोबतीला हा दुसरा कागद जाऊ द्या. डोंगर त्यांचा आहे, पण पासबुक आपले आहे.