कारागिरांच्या संगतीत घडलेला वास्तुविशारद : बिजॉय जैन

२०२३ च्या डिसेंबरमध्ये पॅरिसच्या कार्तिए प्रतिष्ठानात बिजॉय जैन या मुंबईच्या वास्तुविशारदाचे प्रदर्शन भरले आणि ते पुढील एप्रिलपर्यंत चालले. ज्याँ नूव्हेल या नामांकित फ्रेंच वास्तुविशारदाने उभारलेली प्रतिष्ठानाची ती वास्तू जवळजवळ संपूर्ण काचेची. तिच्या आत मांडले होते दगड, विटा, भाजलेली माती आणि बांबू. ज्या वस्तू खेड्यातल्या माणसाच्या रोजच्या ओळखीच्या, त्याच पाहण्यासाठी पॅरिसचे रसिक आले. हा मान जैन यांना ज्या कामामुळे मिळाला, त्याचा पाया मात्र अलिबागजवळच्या एका कार्यशाळेत घातला गेला.

जैन यांचा जन्म १९६५ साली मुंबईत झाला. वास्तुशास्त्राचे पदव्युत्तर शिक्षण त्यांनी अमेरिकेत सेंट लुईस येथील वॉशिंग्टन विद्यापीठात घेतले. पुढे रिचर्ड मायर यांच्या लॉस एंजेलिस येथील कार्यालयात आणि नंतर लंडनमध्ये काम करून १९९५ साली ते मायदेशी परतले. मायर हे शुभ्र, काटेकोर, यंत्रवत नेमक्या इमारतींसाठी प्रसिद्ध. त्या शिस्तीत तयार झालेला तरुण परत येऊन अलिबागच्या नारळीबागांत घरे बांधू लागला, तेव्हा नकाशा काढून द्यायचा आणि काम त्याबरहुकूम करून घ्यायचे, ही शहरी रीत तेथे अपुरी ठरली. ज्यांच्या हातून घर उभे राहायचे, ते सुतार आणि गवंडी वेगळ्याच पद्धतीने विचार करीत होते.

यातून ‘स्टुडिओ मुंबई’ची कार्यपद्धती घडली. नांदगावच्या कार्यशाळेत वास्तुविशारद, पिढीजात सुतार आणि गवंडी एकाच छपराखाली काम करू लागले. एखादी खिडकी ठरवायची, तर ती प्रथम खऱ्या मापाची करून पाहायची. न जमल्यास मोडायची आणि पुन्हा करायची. सुतारांनी आपापल्या वह्यांत सांध्यांची चित्रे काढावीत आणि त्या चित्रांवर चर्चा होऊन घराचा आराखडा पुढे सरकावा, असा तेथील क्रम. सुताराची वही हा वास्तुशास्त्राचा दस्तऐवज मानणे, ही या कामातली सर्वांत महत्त्वाची गोष्ट म्हटली पाहिजे. आपल्याकडे कारागिराला मजुरी मिळते, मत विचारले जात नाही. २०१० साली व्हेनिसच्या आंतरराष्ट्रीय वास्तुकला प्रदर्शनात या मंडळींनी आपल्या कार्यशाळेतील प्रतिकृती आणि नमुनेच नेऊन मांडले आणि परीक्षकांनी त्यांचा विशेष उल्लेख केला.

नांदगावचे ‘पाल्मायरा हाउस’ २००७ साली पूर्ण झाले. समुद्रासमोरच्या नारळीबागेत दोन लांबट लाकडी खंड आणि मध्ये पाण्याचा तलाव, एवढीच त्याची मांडणी. सांगाडा ऐनाच्या लाकडाचा, सांधे एकात एक बसणारे. भिंतींच्या जागी ताडाच्या खोडापासून काढलेल्या पट्ट्यांच्या झिलमिल्या आहेत. त्यांतून वारा आत येतो, ऊन मात्र गाळून येते. चोंढी येथील ‘कॉपर हाउस’ या घराची कथा निराळी. २००५ च्या पावसाळ्यात त्या भागात पाणी किती चढले होते हे ध्यानात घेऊन, विहीर खणताना निघालेली माती घराखाली पसरण्यात आली आणि जोते उंच झाले. एका खड्ड्याने पाणीही दिले आणि पाण्यापासून संरक्षणही.

अंतर्गत सजावट हा शब्द जैन यांच्या कामाला नीट लागू पडत नाही, कारण आत आणि बाहेर ही विभागणीच ते फारशी मानीत नाहीत. तरीही जपानमधील ओनोमिची येथील काम पाहण्यासारखे आहे. एका जुन्या निवासी इमारतीचे त्यांनी २०१८ साली अतिथिगृहात रूपांतर केले, तेव्हा खोल्यांच्या भिंतींना आणि जमिनीलाही जपानी हातकागदाचे आवरण दिले. कोकणात ताड, जपानमध्ये कागद! डेहराडूनजवळ एका जपानी वस्त्रकर्तीसाठी बांधलेल्या विणकामशाळेत विटा, दगड आणि चुना.

२०१६ मध्ये ऑस्ट्रेलियातील मेलबर्न येथे त्यांनी उभारलेल्या मंडपाला ७ किलोमीटर बांबू, २६ किलोमीटर दोरी आणि ५,००० लाकडी खुंट्या लागल्या. छपरासाठी कारवीच्या काड्या वापरल्या होत्या. सह्याद्रीत कारवीच्या कुडावर माती लिंपून भिंत करतात. यवतमाळ जिल्ह्यात हेच काम तुराट्या आणि पऱ्हाट्यांनी होत आले आहे. घाटंजी किंवा पांढरकवड्याच्या बाजूच्या खेड्यांतील शेणामातीने सारवलेला कूड आणि मेलबर्नचा तो मंडप यांचे नाते सख्खे आहे. एकाला गरिबीची खूण समजले जाते, दुसऱ्याची छायाचित्रे जगभर छापली जातात.

जैन यांच्या कामावर एक आक्षेप घेतला जातो आणि तो खोडून काढता येत नाही. त्यांची बहुतेक घरे धनिकांची आहेत, त्यांतली पुष्कळशी सुट्टीत राहण्यासाठी बांधलेली. नमुना करून मोडण्याची चैन सामान्य गृहस्थाला परवडत नाही. २०२० साली मिळालेल्या आल्व्हार आल्टो पदकानेही या प्रश्नाचे उत्तर मिळत नाही. हाताच्या कामाला सन्मान मिळाला खरा, पण तो मोजक्या श्रीमंतांच्या आश्रयावर तोलून उभा आहे.

तथापि यवतमाळ, वणी, पुसद, दिग्रस येथील कुटुंबांनी या कामाकडे पाहण्याचे कारण खर्चाच्या पलीकडचे आहे. मे महिन्यात पारा ४५ अंशांकडे झुकतो, आणि तरीही जाड मातीच्या भिंती, कवेलू आणि सागवानी खांबांची घरे पाडून तेथे तापणारा स्लॅब घातला जातो. मग तो उकाडा झाकण्यासाठी प्लास्टरचे खोटे छत आणि वातानुकूलन यंत्र येते. पाडकामातले सागवान मिळेल त्या भावाने विकले जाते. ज्याचे सांधे खिळ्यांऐवजी खाचांत बसविले आहेत, असे लाकूडकाम बहुधा न तोडता उकलता येते आणि तेच खांब, तुळ्या, चौकटी नव्या घरात पुन्हा बसविता येतात. त्यासाठी पाडकामाचा ठेका देण्याआधी एखाद्या जुन्या सुताराला घर दाखवून कोणता सांधा कसा सुटेल हे विचारावे लागते. हे सांगू शकणारे सुतार जिल्ह्यात आजही आहेत, पण त्यांचे वय झाले आहे आणि त्यांची मुले तयार कपाटे बसविण्याच्या कामाला लागली आहेत.