रेसिपी पाठ असणं म्हणजे हुशारी नव्हे!

मंडळी, माझं मराठी कॉन्व्हेंटी आहे, सांभाळून घ्या. पण विषय आपल्या हॉस्टेलचाच आहे. माइनक्राफ्टमध्ये दगडी कुदळ बनवायची तर तीन बाय तीनच्या चौकटीत वर 3 दगड आणि त्यांच्याखाली मधोमध 2 काठ्या मांडाव्या लागतात. एक घर चुकलं की कुदळ गायब! त्यात सर्व्हरवर गेम थांबत नाही. तुम्ही काठ्या मांडेपर्यंत झोंबी पाठीशी हजर!

2017 साली जावा एडिशनच्या 1.12 व्हर्जनमध्ये रेसिपी बुक आलं. चित्रावर क्लिक करा, सामान आपोआप चौकटीत जातं. जुने खेळाडू म्हणतात, "मजाच गेली." मला हे पटत नाही. काय बांधायचं हे ठरवण्यात मजा आहे, पाठांतरात कसली? पाठांतरावर खेळ चालला की फर्स्ट इयरवाले नुसते सीनियर्ससाठी दगड फोडत बसतात आणि चार दिवसांत कंटाळून निघून जातात.

तरी काम अर्धंच झालंय. हे बुक फक्त आपल्याजवळचं सामान बघतं, शेजारच्या पेटीतलं नाही. ओंडके आहेत पण फळ्या नाहीत, तर मधली पायरीही स्वतः करत नाही. माझ्या मते पेटीतलं सामानही मोजावं; मात्र पेटी दुसऱ्याची असेल तर त्याच्या परवानगीनेच. मूळ गेममध्ये तर पेटीला मालकच नसतो, अगदी आपल्या हॉस्टेलमधल्या बादल्यांसारखं!

उद्या आपणही सॉफ्टवेअर लिहिणार आहोत. तेव्हा ते पहिल्यांदाच वापरणाऱ्याचा विचार आधी करूया.